चैत्यभूमीवरचा अवकाळी पाऊस आणि आकाशातला पाळीचा कामगार

दरवर्षी ५ डिसेंबरच्या रात्री आमच्या मीरा-भाईंदरच्या वस्त्यांतून माणसे भाईंदर स्टेशनाकडे निघतात. अंगावर पांढरे कपडे, हातात पाण्याचे कॅन, कुणाच्या डोक्यावर पुरी-भाजीचे पातेले. दादरला उतरायचे, विदर्भ-मराठवाड्यातून दोन-दोन दिवसांचा प्रवास करून आलेल्या आपल्या बांधवांना जेवण वाढायचे आणि पहाटे रांगेत उभे राहून बाबासाहेबांना वंदन करायचे. आमच्या कित्येक घरांत हा नेम आजोबांपासून चालत आला आहे.

२०१७ साली मात्र वेगळेच घडले. ४ डिसेंबरलाच आभाळ भरून आले आणि ५ तारखेला ऐन हिवाळ्यात पाऊस लागला. ठाणे जिल्ह्यातल्या शाळांना सुट्टी जाहीर झाली. शिवाजी पार्कवर चिखल झाला. पुस्तकांच्या स्टॉलवाल्यांनी ग्रंथांवर प्लास्टिक ओढले, तरी खालून पाणी शिरलेच. मैदानात उघड्यावर झोपणाऱ्या आपल्या माणसांना दादर परिसरातल्या पालिकेच्या शाळांत हलवावे लागले. लेकराला पदराखाली घेऊन उभी असलेली एक आजी आम्हाला म्हणाली, "बाबासाहेबांसाठी आभाळसुद्धा रडतंय रे बाळांनो."

त्या आजीच्या भावनेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण त्या आभाळाला नाव होते. त्याचे नाव ओखी. ३० नोव्हेंबरला कन्याकुमारीच्या खाली त्याचे चक्रीवादळ झाले, २ डिसेंबरला ते लक्षद्वीपवर आदळले आणि अरबी समुद्रातून वळण घेत गुजरातच्या दिशेने निघाले. त्याचा उरलेला पाऊस आपल्या डोक्यावर पडला. तो पडणार हे सरकारला आधी कळले होते, म्हणून तर शाळा बंद झाल्या आणि आपल्या लोकांसाठी शाळांचे दरवाजे उघडले. पाण्यावर ना पोलीस चौकी, ना वेधशाळा. मग भर समुद्रातले वादळ पाहिले कुणी?

त्या पाहणाऱ्यांची ओळख करून घ्यावी, म्हणून हा लेख. आपल्या घरात टीव्हीवर पावसाची बातमी लागते, ढगांचे चित्र दिसते आणि आपण भाजीला फोडणी देता देता ते पाहून सोडून देतो. त्या चित्रामागे किती हातांची मेहनत असते, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे असे आम्हाला वाटते.

हवामानाचे उपग्रह मुख्यतः दोन जातींचे. (जात हा शब्द इथे नाइलाजाने वापरला, वाचकहो!) एक आपला इन्सॅट. तो विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो आणि पृथ्वीच्याच चालीने फिरतो, म्हणून आपल्याला तो एकाच जागी उभा असल्यासारखा असतो. चाळीच्या गॅलरीत बसून दिवसभर चौक न्याहाळणाऱ्या म्हाताऱ्या बाबांसारखा. चौकात कोण आले, कोण गेले, सारे त्यांना दिसते. पण कुणाच्या खिशात काय आहे ते इतक्या लांबून दिसत नाही. ढगांची चित्रे सतत देत राहण्याचे काम इन्सॅट करतो. २०२४ च्या फेब्रुवारीत सोडलेला इन्सॅट-३डीएस हा त्याच घराण्यातला.

दुसरा प्रकार ध्रुवीय उपग्रहाचा. तो गॅलरीत बसत नाही, गल्लीगल्लीतून फिरतो. उंची जेमतेम ७०० ते ८५० किलोमीटर. उत्तर ध्रुवाजवळून निघाला की खाली दक्षिण ध्रुवाजवळ आणि तिथून पलीकडच्या बाजूने पुन्हा वर. एका फेरीला सुमारे शंभर मिनिटे, दिवसाला चौदा-साडेचौदा फेऱ्या. वेग असा, की भाईंदर ते दादर हे अंतर पाचेक सेकंदांत मागे पडते. आपली लोकल तिथे मीठच विकेल!

आता कुणी विचारील, वर-खाली फिरणाऱ्याला सगळी पृथ्वी कशी दिसणार? याचे उत्तर भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात काम करणाऱ्या कोणालाही चटकन समजेल. लेथवर भांडे गरगर फिरत असते आणि कारागीर हत्यार फक्त एका रेषेत पुढे-मागे नेतो. तरी भांड्याचा एकही भाग सुटत नाही, कारण भांडे स्वतः फिरते. इथे भांडे म्हणजे पृथ्वी. उपग्रह एक फेरी पुरी करीपर्यंत पृथ्वी त्याच्याखाली पूर्वेकडे सरकलेली असते, विषुववृत्तावर सुमारे पावणेतीन हजार किलोमीटर. पुढच्या फेरीला त्याच्याखाली नवी पट्टी येते. असे पट्ट्या-पट्ट्यांनी एक-दोन दिवसांत सारे जग झाडून काढले जाते.

या उपग्रहाची आणखी एक शिस्त आहे. तो एखाद्या ठिकाणावरून जातो तेव्हा तिथल्या घड्याळात रोज साधारण तीच वेळ असते. आपला ओशनसॅट-२ दुपारी बाराच्या सुमारास विषुववृत्त ओलांडी, आज, उद्या, परवाही बारालाच. पहिल्या पाळीच्या कामगाराने रोज ठरल्या वेळी कार्ड पंच करावे तसा. याचा फायदा असा, की सूर्याचा प्रकाश रोज सारखाच मिळतो आणि कालच्या चित्राशी आजच्या चित्राची तुलना करता येते. ही वेळ पाळण्यासाठी फारसे इंधन जाळावे लागत नाही. पृथ्वी पोटाशी किंचित फुगीर आहे. कक्षा थोडी तिरकी, सुमारे ९८ अंशांची ठेवली की तो फुगवटाच कक्षेला दररोज जवळपास एक अंश वळवतो आणि वर्षभर सूर्याशी मेळ राहतो. निसर्गाचा नियम ओळखला, की तोच नियम आपली नोकरी करतो.

भारताने असा उपग्रह स्वतःच्या हाताने वर नेण्यासाठी बरीच वर्षे घालवली. नियमित सेवा देणारा आपला पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए १९८८ साली ध्रुवीय कक्षेत गेला तो सोव्हिएत अग्निबाणावर बसून, कारण आपल्याकडे तेवढ्या ताकदीचा अग्निबाणच नव्हता. त्यासाठीच पीएसएलव्ही बांधला गेला. २० सप्टेंबर १९९३ ला त्याचे पहिले उड्डाण झाले आणि उपग्रहासकट तो बंगालच्या उपसागरात पडला. चूक शोधून, दुरुस्त करून वर्षाहून थोड्याच अधिक काळात, १५ ऑक्टोबर १९९४ ला, दुसरे उड्डाण यशस्वी केले. त्यानंतरही या अग्निबाणाने अपयश पाहिले आहे. १८ मे २०२५ च्या उड्डाणात तिसऱ्या टप्प्यात बिघाड होऊन उपग्रह गमवावा लागला. दहावीत एकदा नापास झालेल्या मुलाला घरात टोमणे मारणाऱ्या पालकांनी हा इतिहास वाचून ठेवावा.

इथे एका मराठी माणसाचे नाव घेतलेच पाहिजे. डॉ. वसंत गोवारीकर. अग्निबाणाचे घन इंधन देशात तयार करण्याच्या कामात त्यांनी उमेद घालवली. १९८० साली भारताने स्वतःच्या अग्निबाणाने पहिला उपग्रह सोडला, तेव्हा थुंब्याच्या अवकाश केंद्राचे ते संचालक होते. पुढे तेच गृहस्थ पावसाकडे वळले. १९८८ पासून हवामान खाते ज्या सोळा घटकांच्या सूत्राने मान्सूनचा अंदाज वर्तवू लागले, ते त्यांच्या नावाने ओळखले गेले. २००२ च्या दुष्काळाने त्या सूत्राला हुलकावणी दिली आणि मग नवी पद्धत आणावी लागली. अग्निबाण आणि पाऊस ही दोन टोके एकाच माणसाच्या आयुष्यात जुळलेली पाहून आम्हाला तरी मोठे नवल वाटते.

ओखीच्या वेळी कक्षेत असलेला आपला उपग्रह म्हणजे स्कॅटसॅट-१. वजन अवघे ३७१ किलो. त्याची कथा गृहिणींना आवडेल. ओशनसॅट-२ वरचे वारा मोजणारे यंत्र २०१४ मध्ये बंद पडले होते आणि त्याची जागा लवकर भरणे भाग होते. मग शास्त्रज्ञांनी आधीच्या उपग्रहांतून शिल्लक राहिलेले भाग हाताशी घेतले आणि कमी खर्चात, कमी वेळात नवा उपग्रह उभा केला. उरल्यासुरल्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आपल्या आया-आज्यांना हे तंत्र शिकवायची गरज नाही.

२६ सप्टेंबर २०१६ ला सकाळी ९ वाजून १२ मिनिटांनी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी३५ निघाला. उंची ४४ मीटर, म्हणजे मीरा रोडला हल्ली दिसणाऱ्या चौदा मजली इमारतीएवढा. उडताना वजन सुमारे ३२० टन. त्यातले बहुतेक सारे इंधनच. चार टप्पे एकावर एक; पहिला घन इंधनाचा, दुसरा द्रव, तिसरा पुन्हा घन, चौथा पुन्हा द्रव. एकाचे इंधन संपले की तो गळून समुद्रात पडतो आणि दुसरा पेटतो.

ध्रुवाकडे जायचे म्हणजे सरळ दक्षिणेला निघावे असे कुणालाही वाटेल. पण श्रीहरिकोटाच्या दक्षिणेला श्रीलंका आहे. जळते टप्पे शेजाऱ्याच्या छपरावर टाकता येत नाहीत. म्हणून आपला अग्निबाण आधी आग्नेयेला समुद्रावर निघतो आणि बराच पुढे जाऊन दक्षिणेकडे वळतो. या वळशात ताकद वाया जाते, तेवढा भार कमी नेता येतो. हा वळसा वाचवावा म्हणून तामिळनाडूत कुलशेखरपट्टिणम येथे छोट्या अग्निबाणांसाठी नव्या तळाची २०२४ मध्ये पायाभरणी झाली.

उड्डाणानंतर सतरा मिनिटांनी स्कॅटसॅट कक्षेत सुटला. आपल्या गाळ्यात चहा येऊन पिऊन होईपर्यंतचा वेळ! पण अग्निबाणाचे काम संपले नव्हते. त्याच्यासोबत आणखी सात उपग्रह होते, त्यांना वेगळ्या उंचीवर सोडायचे होते. चौथा टप्पा विझवून पुन्हा दोनदा पेटवला गेला आणि सव्वादोन तासांनी मोहीम पुरी झाली. त्या सातांत एक होता दहा किलोचा 'प्रथम', पवईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला. भाईंदरहून पवई काही दूर नाही. आपल्या मुलामुलींनी तिथवर पोचावे, ही गोष्ट आम्ही या पानांतून सांगत आलो आहोत आणि पुन्हा सांगतो.

वर गेलेला स्कॅटसॅट करी काय? तो वारा मोजी. वारा डोळ्यांना दिसत नाही, मग यंत्राला कसा दिसावा? याचे उत्तर आपल्याच हद्दीतल्या उत्तनच्या किनाऱ्यावर मिळते. तिथला जुना जाणता कोळी पाण्यावरची बारीक शिरशिरी पाहून वारा कुठून आणि किती जोराचा येतो आहे ते सांगतो. उपग्रहही हेच करतो. त्याच्या पोटाखाली एक मीटर व्यासाची तबकडी मिनिटाला वीसेक वेळा फिरते आणि समुद्रावर रेडिओलहरी टाकते. पाणी शांत असेल तर लहरी आरशावरून घसरल्यासारख्या पुढे निघून जातात. वाऱ्याने पाण्यावर सुरकुत्या पडल्या असतील, तर काही लहरी परत फिरतात. किती परतल्या, कोणत्या कोनातून परतल्या, यावरून वाऱ्याचा वेग आणि दिशा निघते. याला रात्रीची अडचण नाही, ढगांची फारशी नाही. चौदाशे किलोमीटरहून रुंद पट्ट्यातला वारा एका फेरीत टिपला जातो आणि दोन दिवसांत जगातला समुद्र पालथा घातला जातो. वारा एका बिंदूभोवती गोल फिरू लागला आहे, हे ढगांचे चित्र ठसठशीत होण्याआधीही या नकाशावर कळू शकते.

अग्निबाण उडतो तेव्हा टाळ्या पडतात, पेढे वाटले जातात. खरी नोकरी त्यानंतर सुरू होते आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष नसते. बंगळुरूच्या नियंत्रण केंद्रात रात्रंदिवस पाळ्या चालतात. उपग्रहाचे तापमान किती, बॅटरी किती भरली, तोंड बरोबर दिशेला आहे का, हे प्रत्येक भेटीत तपासतात. अशी भेट दहा-बारा मिनिटांची. तेवढ्यात उपग्रह क्षितिजाआड जातो. बहुतेक फेऱ्यांत काही काळ तो पृथ्वीच्या सावलीत शिरतो, तेव्हा सूर्यपट्ट्यांना वीज मिळत नाही आणि साठवलेल्या विजेवर निभवावे लागते. म्हणजे दिवसातून चौदा वेळा भारनियमन! खडतर उन्हातून कडक थंडीत आणि पुन्हा उन्हात, हे वर्षानुवर्षे.

गोळा केलेली माहिती खाली उतरवायची तर उपग्रह आपल्या ॲन्टेनाच्या टप्प्यात हवा. भारतावरून तो दिवसातून मोजक्याच वेळा जातो. ध्रुवाजवळून मात्र तो प्रत्येक फेरीला जातो. म्हणून भारताने अंटार्क्टिकावरच्या आपल्या 'भारती' तळावर २०१३ मध्ये ॲन्टेना बसवला. बर्फाच्या वादळात, सहा-सहा महिने घरापासून दूर राहून तिथली मंडळी ही यंत्रे राखतात. तिथे उतरलेली माहिती दळणवळणाच्या उपग्रहामार्फत हैदराबादजवळच्या शादनगरला येते. एवढा द्राविडी प्राणायाम झाल्यावर कुठे आपल्या टीव्हीवर बाणांचा नकाशा दिसतो.

स्कॅटसॅटचे वारा मोजणारे यंत्र २०२१ मध्ये थांबले. २६ नोव्हेंबर २०२२ ला, म्हणजे संविधान दिनीच, ओशनसॅट मालिकेतला पुढचा उपग्रह ईओएस-०६ श्रीहरिकोटाहून गेला. त्याचे वजन हजार किलोवर आहे, आणि वाऱ्याबरोबर समुद्राचा रंग अन् पृष्ठभागाची उष्णता पाहण्याची साधनेही त्याच्यावर चढवली गेली.

बाहेरच्या देशांचेही उपग्रह या कामात आहेत आणि हवामानाची माहिती देशोदेशी वाटून घेण्याची चांगली रीत जगात पडली आहे. अमेरिकेच्या नोआ मालिकेतले उपग्रह तर कित्येक वर्षे आपली चित्रे जाता जाता खाली उधळीत जात. साधा ॲन्टेना आणि जुजबी यंत्र असलेल्या कुणीही, कोणत्याही देशातल्या शाळकरी पोरानेही, ती झेलावीत. परवाना नको, वर्गणी नको. चवदार तळ्याचे पाणी प्यायला आपल्या बापजाद्यांना १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या वंशजांना या उघड्या पाणवठ्याची किंमत निराळी सांगायला नको. त्या जुन्या पिढीतले शेवटचे तीन उपग्रह २०२५ मध्ये निवृत्त झाले.

त्यांतल्या नोआ-१९ ची हकीकत प्रत्येक कामगाराने ऐकावी अशी आहे. ६ सप्टेंबर २००३. कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात हा उपग्रह जवळपास तयार होऊन उभा होता. त्याला गाडीवर ठेवून आडवा करायचे काम चालले होते. आडवा करता करता तो घसरला आणि धाडकन फरशीवर पडला. कारण काय? ज्या पट्टीवर तो बसवायचा, तिला गाडीशी जोडणारे २४ बोल्ट जागेवरच नव्हते. दुसऱ्या कामासाठी कुणीतरी ते आधी काढले होते, त्याची नोंद केली नव्हती, आणि नंतर काम करणाऱ्या तुकडीने डोळ्यांनी खात्री न करता जुन्या कागदावर भरवसा ठेवला. दुरुस्तीला सुमारे साडेतेरा कोटी डॉलर लागले. अखेर ६ फेब्रुवारी २००९ ला तो आकाशात गेला आणि सोळा वर्षे इमानाने राबला.

प्रेसवर काम करताना बोटे गमावलेले बांधव आपल्या वस्त्यांत आहेत. मशीनचे गार्ड कुणीतरी काढून ठेवलेले, दुसऱ्या पाळीला त्याची खबर नाही, मुकादमाची सही मात्र झालेली. जगातला सर्वांत हुशार म्हणवणारा कारखाना असो की भाईंदरचा गाळा, अपघाताची रीत एकच दिसते. फरक एवढाच, की तिथे उपग्रह पडला म्हणून चौकशी बसली आणि तिचा अहवाल जगाने वाचला. इथे बोट तुटले तर अहवाल कोण लिहितो?

आता मूळ गोष्टीकडे येऊ. उपग्रह पाहतो, शास्त्रज्ञ ओळखतो, इशारा निघतो. पुढे काय?

ओखीच्या वेळी केरळ आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर वादळ इतक्या झपाट्याने तयार झाले, की चक्रीवादळाचा इशारा निघाला तोवर शेकडो नावा समुद्रात खोल गेल्या होत्या. खोल समुद्रातल्या नावेवर निरोप पोचवण्याचे साधन नव्हते. शेकडो मच्छीमार परत आले नाहीत. तेच वादळ मुंबईकडे आले तेव्हा चार-पाच दिवस हाताशी होते आणि आपली माणसे वाचली. वादळ एकच, उपग्रहही तेच. निरोप पोचण्याच्या वेळेने माणसांचे नशीब बदलले.

दुसरे उदाहरण अधिक कडू आहे. मे २०२१ चे तौक्ते चक्रीवादळ. त्याचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते. मासेमारी नौका किनाऱ्याला लागल्या. पण बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात पी-३०५ या तराफ्यावर २६१ माणसे होती, त्यांत बहुसंख्य कंत्राटी कामगार. वेल्डर, फिटर, स्वयंपाकी. तराफा बंदरात परतला नाही. १७ मे रोजी नांगर तुटून तो भरकटला आणि बुडाला. नौदलाने पर्वताएवढ्या लाटांतून १८६ जणांना वाचवले. सत्तरहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. इथे उपग्रह चुकला नाही आणि वेधशाळाही चुकली नाही. इशारा कागदावर पोचला होता. तो वाचून नांगर उचलायचा अधिकार ज्यांच्या हाती होता ते तराफ्यावर राबणारे नव्हते, आणि जे राबत होते त्यांना कुणी विचारले नाही.

उपग्रहाला सारे कळते असेही आम्ही म्हणणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्याच वेळी कुलाब्याला ७४ मिलिमीटरच्या आसपास. एकाच शहरात एवढा फरक! रुळांवरून रात्रभर चालत मीरा रोड-भाईंदरला घरी पोचलेले लोक अजून ती रात्र विसरलेले नाहीत. असा एका जागी फुटणारा पाऊस दिवसातून एक-दोनदा डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाच्या हाती लागेलच असे नाही. त्यासाठी जमिनीवरचे डॉप्लर रडार लागते; ते पुढे कुलाब्याला आले आणि २०२२ मध्ये दुसरे वेरावलीला बसले. ध्रुवीय उपग्रह, इन्सॅट, रडार, समुद्रातले तरंगते मापक, बंदरातला बावटा, या सगळ्यांनी मिळून एक अंदाज तयार होतो.

पूर हा देवाचा कोप नाही आणि दुष्काळ हे पूर्वजन्मीचे फळ नाही, हे आपल्याला सांगायला उपग्रह लागले नाहीत. ते आपल्याला बाबासाहेबांनी शिकवले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, आणि पाटबंधारे व वीज ही कामे त्यांच्याकडे होती. १९४३ च्या दामोदर नदीच्या पुरानंतर त्यांनी त्या खोऱ्याच्या योजनेला हात घातला, १९४५ मध्ये कलकत्ता आणि कटक येथे परिषदांचे अध्यक्षपद घेतले. पाणी जास्त झाले म्हणून रडू नका, ते अडवा, साठवा, कामाला लावा, असा त्यांचा विचार होता. नदी मोजता येते, म्हणून ती आवरताही येते. आज उपग्रह समुद्र मोजतो, त्यामागचा विचार वेगळा नाही.

त्याच्याही मागे जायचे तर तथागतांनी भिक्खूसंघाचे वर्षच पावसाच्या हिशेबाने बांधले. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास; भटकंती बंद, एका जागी मुक्काम, धम्मचर्चा. पावसाळ्यात वाटा धोक्याच्या होतात, पिके आणि जीवजंतू पायांखाली तुडवले जातात, हे पाहून केलेली ती साधी व्यवस्था होती.

आमच्याकडच्या विहारात वर्षावासात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. गेल्या दोन वर्षावासांत तिथल्या पोरांनी एक नवे काम अंगावर घेतले आहे. विहाराच्या दाराशी काळा फळा टांगला आहे. हवामान खात्याचा त्या दिवसाचा इशारा मोबाइलवर पाहून ते तो मराठीत फळ्यावर उतरवतात. शेजारी रंगीत खडूने गोल काढतात. हिरवा म्हणजे काही धोका नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कामाला लागा, सामान वर चढवा, लेकरे घरात ठेवा. खाली भरतीची वेळ असते, कारण भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला की आमच्या खाडीकडच्या वस्त्यांत पाणी शिरते. विजांच्या सूचनेसाठी पुण्याच्या संस्थेने केलेले 'दामिनी' हे ॲप आहे, तेही या पोरांनी घराघरांतल्या मोबाइलवर भरून दिले.

सुरुवातीला मोठी माणसे हसली. "आता विहारात पावसाचं पंचांग का?" असे एक काका म्हणाले. पोरांनी ऐकून घेतले आणि फळा लिहीत राहिले. एकदा फळ्यावर लाल गोल होता आणि पाऊस रिमझिमच झाला, तेव्हा काकांनी त्यांची भरपूर टिंगल केली. त्यावर एका मुलीने अंदाज आणि प्रत्यक्ष पाऊस असे दोन रकानेच आखले. आता रोज दोन्ही लिहिले जातात, चुकलेला अंदाज पुसला जात नाही. कालामांना तथागतांनी सांगितलेली पारखून घेण्याची रीत ती हीच, असे आम्ही भन्तेजींना म्हटले तर ते नुसते हसले.

वर्षावास संपला की फळा उतरवायचा असे ठरले होते. पण आश्विन पौर्णिमेनंतर मिठागरावर कामाला जाणारी एक ताई विहारात येऊन म्हणाली, "फळा काढू नका. आमचं काम तर आता सुरू होतं. अवकाळी सर आली तर आगरातलं मीठ एका रात्रीत विरघळतं, मजुरी जाते." तेव्हापासून फळा बारा महिने टांगलेला आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुले त्याच्या एका कोपऱ्यात दादरचाही अंदाज लिहितात, आणि ५ तारखेला पातेली उचलण्याआधी मंडळी तो वाचून, छत्र्या घ्यायच्या की नाही ते ठरवून, स्टेशनाकडे निघतात.